लीलाताईंना घर नंबर नव्हता

आधीच सांगून टाकतो — भुताखेतांवर माझा काडीइतका विश्वास नाही, आणि माझ्या बोलण्यावर माझ्या घरच्यांचा नाही. लहानपणी मी नर्मदेत कासव पाहिलं, तर घरी पोचेपर्यंत त्याची मगर व्हायची, आणि जेवणं आटपेपर्यंत त्या मगरीच्या पोटातून कोणाचं तरी मनगटी घड्याळ निघायचं, तेही चालू. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं तुम्ही खुशाल कापून घ्या. फक्त कोणतं निम्मं कापायचं, ते शेवटपर्यंत वाचून ठरवा.

मी जबलपूरचा. वडील फॅक्टरीत होते, रिटायर झाल्यावर इथेच राहिले. आम्ही घरात मराठी बोलतो, दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी, आणि भांडताना दोन्ही. मला लहानपणापासून दमा आहे. साधासुधा नाही — माझी धाप ऐकून शेजारच्यांना वाटतं, मालगाडी आली. तोंडात धरून ओढायचा तो पंप माझ्याजवळ कायम असतो. 'पंप हाच माझा खरा जीवनसाथी' असं मी एकदा एका लग्नात चारचौघांत बोलून गेलो. त्यानंतर आठवडाभर माधवी, म्हणजे माझी बायको, जेवताना विचारायची, "आधी तुम्हाला वाढू का पंपाला?"

नोकरी म्हणाल तर गोरखपूरच्या बाजारामागे (आमच्या जबलपुरातलं गोरखपूर, यूपीचं नाही) एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी लिहिण्याचं काम करतो. फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन विकणाऱ्या दुकानांसाठी आम्ही प्रोग्रॅम बनवतो. हल्ली ग्राहक तक्रार करतो तेव्हा पलीकडे माणूस नसतो, एआय एजंट असतो. बोलणारा ग्राहक कोण आहे हे त्या एजंटला कळावं, म्हणून त्याच्या हातात एक साधन दिलंय — कॉन्टॅक्ट लुकअप. त्याला मोबाइल नंबर द्यायचा, ते ग्राहकाची नोंद काढून दाखवतं. नाव, मोहल्ला, तक्रार. बस, एवढंच. फोन लावत नाही, मेसेज पाठवत नाही, फक्त शोधतं. पण ते साधन कधी वापरायचं, कधी नाही, त्याला काय द्यायचं, आणि काहीच सापडलं नाही तर काय करायचं, हे कोणीतरी एजंटला साध्या भाषेत लिहून द्यावं लागतं. ते लिहिणारा मी.

पूर्वी मी माणसांसाठी पुस्तिका लिहायचो. मिक्सरच्या, गीझरच्या. एका जिवाने वाचली नाही, लोक त्यात पोळ्या गुंडाळायचे. आता मशीनसाठी लिहितो, तर मशीन अक्षर न् अक्षर वाचतं आणि सांगितलं तेवढंच करतं. आमच्या घरात असं एकही माणूस नाही.

आमच्या कामात एक रीत आहे. उदाहरण द्यायचं तर खऱ्या ग्राहकाचं द्यायचं नाही. नाव बनवायचं, नंबर असा बनवायचा की कोणालाच लागू नये, आणि खऱ्या घराचा पत्ता तर अजिबात टाकायचा नाही. बाकीचे लोक 'टेस्ट ग्राहक' लिहून मोकळे होतात. मला ते जमेना. मी बनवलं — लीलावती उंबरझाडे. असं आडनाव अख्ख्या महाकोशलात, म्हणजे आमच्या जबलपूरकडच्या पट्ट्यात, नाही, मी खात्री करून घेतली होती. मोबाइल नंबर एक आकडा कमी, म्हणजे लागायची सोयच नाही. राहणार महाराजपूर, म्हणजे शहराच्या कडेची वस्ती. एवढ्यावर थांबायचं होतं... पण खाली शेरा लिहायची जागा रिकामी दिसली, आणि रिकामी जागा दिसली की माझा हात थांबत नाही. लिहिलं — बाई शिवणकाम शिकवतात. पांढरी स्कूटर आहे, पुढे वेताची टोपली. बोलण्याआधी घसा खाकरतात. तक्रार — वॉशिंग मशीनचं दार लागलं ते उघडत नाही, आत कोशाची रेशमी साडी अडकली आहे.

आमचे साहेब दुबेजी. त्यांचा आवाज असा की भेडाघाटला धुवाँधारपाशी उभे राहून बोलले तर धबधबा ऐकू येणार नाही. त्यांनी नोंद वाचली.

"अरे भाई, मैंने नाम और नंबर माँगा था. तूने पूरा खानदान बैठा दिया."

"सर, एजंट को असली आदमी जैसा लगना चाहिए."

"कोसे की साड़ी कौन मशीन में धोता है?"

"इसीलिए तो अटकी है, सर."

"और ये महाराजपुर में रहती कहाँ हैं? मकान नंबर?"

"नियम है ना सर, असली पता नहीं डालना."

"तो क्या हवा में रहती हैं बेचारी?" असं म्हणून ते हसले, मी हसलो, आणि नोंद तशीच राहिली. टेस्ट सर्व्हरच्या डिरेक्टरीत तेव्हा ही एकच ग्राहक होती. दुसरं कोणी नाही.

आता ऑफिसचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑफिस तळघरात आहे. पूर्वी तिथं धान्याचं गोदाम होतं. मागच्या गल्लीत एक लोखंडी शटर, ते वर केलं की खाली उतरणारा जिना, जिन्याखाली मोठा हॉल, आणि हॉलच्या मागे एक छोटी खोली. खोलीत टेस्ट सर्व्हर. त्याचा बाहेरच्या जगाशी काही संबंध नाही — इंटरनेट नाही, काही नाही, वायर लावून लॅपटॉप जोडायचा आणि एजंटशी बोलायचं. खोलीची लाइट वेगळ्या लाइनवर आहे, म्हणजे हॉलची बंद केली तरी सर्व्हर चालू राहतो. मोबाइलला तळघरात रेंज नाही, शटर बंद असलं की जिन्यावरही नाही. जाण्यायेण्याचा रस्ता एकच, ते शटर.

मे महिन्यातला शनिवार. आमच्याकडे मे महिन्यात पापड उन्हात ठेवत नाहीत, सावलीत ठेवले तरी भाजतात. हॉलच्या लाकडी पार्टिशनला वाळवी लागली होती, म्हणून दुबेजींनी आदल्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं होतं — शनिवारी दुपारी औषध मारणार, सगळ्यांनी त्याआधी निघावं, आता सोमवारीच उघडेल. सगळ्यांनी वाचलं. मी नाही. तो ग्रुप मी केव्हाचा मुका करून ठेवला होता. सूचना लिहायचा धंदा असलेला माणूस दुसऱ्यांच्या सूचना वाचत नसतो. हलवाई कधी स्वतःची जिलेबी खाताना पाहिलाय तुम्ही?

मी मागच्या खोलीत, दार लोटलेलं, कानाला हेडफोन, 'साधन कधी वापरू नये' हा भाग लिहून राहिलो होतो. लेखन असं रंगलं होतं की छत कोसळलं असतं तरी मी पूर्णविराम देऊनच उठलो असतो. औषध मारणारा कमलेश आला, "कोई है?" म्हणून ओरडला (असं तो नंतर शपथेवर सांगत होता), हॉलची लाइट बंद केली, सगळीकडे फवारलं आणि शटर ओढून कुलूप लावून निघून गेला. मला कळलं ते वासाने. रॉकेल आणि सडक्या लसणाचं लग्न लागलं, तर त्याच्या वरातीला येईल असा वास.

दार उघडून हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि छातीवर कोणीतरी बसलं. दमेकऱ्यांना विचारा, ते सांगतील — श्वास आत जातो, पण बाहेर यायला रस्ता विचारतो. खिशावर हात मारला. पंप नव्हता. पंप स्कूटरच्या डिक्कीत होता. सकाळी उतरताना वाटलं होतं घ्यावा, मग वाटलं, काय, दहा मिनिटांचं तर काम...

अंधारात भिंत धरून जिना चढलो. शटरवर दोन्ही हातांनी बडवलं. ओरडलो. ओरडायला हवा लागते, ती नव्हती, त्यामुळे ओरडण्याचं कुजबुजणं झालं. वर गल्लीत भर दुपार. घराघरात कूलर असे गर्जत होते की तोफ डागली तरी लोकांना वाटलं असतं, कूलरचा पंखा घासतोय. शटरखाली चार बोटांची फट होती. आडवा पडून डोळा लावला, तर समोर माझ्या स्कूटरचं पुढचं चाक. हात घालून पाहिला, चाकाला बोटं लागली. म्हणजे माझा पंप माझ्यापासून एका म्हशीच्या अंतरावर होता — शेपटीपासून शिंगांपर्यंत मोजा — आणि मध्ये ते शटर.

त्या फटीतून चांगली हवा मिळेल असं वाटेल तुम्हाला. मलाही वाटलं होतं. पण वाळवी दारातून येते म्हणून कमलेशने उंबऱ्यावर औषध असं ओतलं होतं, जसं लग्नात व्याह्यांवर गुलाबपाणी. जिथे हवा तिथेच विष. मागच्या खोलीत वास कमी, पण तिथून ओरडलं तर भिंतींनाच ऐकू जाणार. वर थांबलं तर आवाज जाईल पण श्वास जाणार, खाली थांबलं तर श्वास राहील आणि सोमवारपर्यंत कोणाला पत्ता नाही. माझी वर-खाली अशी चालली होती की खाली असलो की वाटायचं, आता वर कोणीतरी गेलं असेल; वर असलो की वाटायचं, आता इथेच पडेन. माधवी त्या दिवशी कटनीला बहिणीकडे. रविवारी संध्याकाळपर्यंत मला शोधणारंही कोणी नव्हतं.

शेवटी खोलीत येऊन दार लावलं आणि दाराच्या फटीत शर्ट कोंबला. बनियनवर बसलो. समोर लॅपटॉप, त्यावर एजंट. बोलायला दुसरं होतं कोण.

लिहिलं — 'मी तळघरात कोंडला गेलोय. दमा आहे. कोणाला तरी बोलव.'

उत्तर आलं — 'मला फोन किंवा मेसेज करता येत नाही. मी फक्त संपर्क शोधू शकतो. कृपया मोबाइल नंबर द्या.'

हे वाक्य माझंच. गुरुवारी लिहिलं होतं, दुबेजींनी शाबासकी दिली होती.

माधवीचा नंबर दिला. 'संपर्क सापडला नाही. अंदाज करून उत्तर देता येणार नाही.' हेही माझंच. दुबेजींचा नंबर दिला. तेच. मी लिहिलं, 'अरे, मरून राहिलो मी.' तो म्हणाला, 'हे या साधनाच्या कामात बसत नाही.' मंडळी, बायकोने टोमणे मारावेत, साहेबाने मारावेत, पण माणसाला त्याच्याच वाक्यांनी असं चारी बाजूंनी कोंडून ठेवावं... मी इतकं नेमकं लिहिलं होतं की एक फट सोडली नव्हती.

छातीतली मालगाडी आता घाटात चढत होती. ओठ बधिर झाले होते. त्या डिरेक्टरीत जगातलं एकच माणूस आहे, हे मला माहीत होतं. का केलं ते विचारू नका. मी लीलावती उंबरझाडेंचा एक आकडा कमी असलेला नंबर टाकला.

'संपर्क सापडला,' असं म्हणून त्याने नोंद दाखवली. शिवणकाम, स्कूटर, टोपली, साडी. माझीच फेकाफेक. आणि मी बोटांनी जमेल तसं लिहिलं — 'ताई, या.'

मग खाली आलं — 'ठीक आहे, कळवतो.'

मी त्या एजंटसाठी जेवढे शब्द लिहिलेत त्यात 'कळवतो' हा शब्द कुठेच नाही. तो त्याला शक्यच नाही. पण त्या वेळी असल्या शंका घ्यायला जागा नव्हती. खोलीतही वास येऊ लागला होता. मी रांगत हॉल पार केला, जिन्याच्या पायऱ्या एकेक करून बसत चढलो आणि शटरपाशी आडवा झालो. कोणी आलं तर बोट तरी बाहेर दिसावं म्हणून हात फटीतून बाहेर काढून ठेवला. फरशी तव्यासारखी तापली होती. ती भाजतेय म्हणजे मी अजून आहे, एवढंच त्या हाताला कळत होतं.

किती वेळ गेला सांगत नाही, कारण मी सांगितलेली वेळ तुम्ही मानणार नाही. स्कूटरचा आवाज आला. माझ्या चाकाशेजारी दुसरं चाक येऊन थांबलं. मग चपला. मग कोणीतरी घसा खाकरला.

"काहून असे पडून राहिले भाऊ?"

मराठीत. गोरखपूरच्या मागच्या गल्लीत, भर दुपारी, आमच्या नागपूरकडच्या मराठीत.

"कु... कुलूप," मी म्हणालो.

"अच्छा. हात आत घ्या. मागं सरका."

मी हात ओढून घेतला. वर लोखंड वाजलं आणि शटर गेलं वर. हे शटर वर करायला आमच्याकडे रोज सकाळी दोन जण लागतात आणि तिसरा शिव्या द्यायला. उन्हाचा असा लोंढा आला की मला काही दिसलं नाही. चाचपडत स्कूटरपाशी गेलो, डिक्की उघडली, पंप तोंडात घातला. एकदा. पुन्हा एकदा. मग भिंतीला टेकून खाली बसलो आणि हवा खायला लागलो. हवा खातात हे त्या दिवशी कळलं, तिला चव असते.

बाई उभ्या होत्या. साठीच्या आसपास, सुती साडी, डोक्यावरून पदर घेऊन त्यावर टोपी, गळ्यात शिंप्यांची मोजायची फीत लोंबत होती. ती फीत मी लिहिली नव्हती. पांढरी स्कूटर, पुढे वेताची टोपली.

"बरं वाटून राहिलं का?" त्यांनी घसा खाकरून विचारलं.

मी मान हलवली.

"मग माझ्या साडीचं काय झालं?"

"कोणत्या साडीचं?"

"कोशाची हो. मशीनीत अडकली ना. किती दिवसांची आतच आहे ती. दार उघडूनच नाही राहिलं."

इथे तुम्ही म्हणाल, फेकतोय. मीही म्हटलं असतं. मी काय उत्तर दिलं ते ऐका म्हणजे विश्वास बसेल, कारण बनवायचं असतं तर काहीतरी भारी बनवलं असतं. मी म्हणालो, "होऊन जाईल ताई, सोमवारी माणूस येईल." इतकी वर्षं तक्रारींच्या धंद्यात काढलेला माणूस मरता मरताही हेच म्हणतो.

"बरं," त्या म्हणाल्या. "आणखी एक विचारायचं होतं. महाराजपुरात मी कुठं जाऊ?"

"म्हणजे?"

"सगळे महाराजपूर म्हणतात. त्याच्या पुढचं कोणी सांगून नाही राहिलं. किती गल्ल्या आहेत भाऊ तिथं. ऊन असं."

रागाने नाही म्हणाल्या. रिक्षावाल्याला पत्ता विचारावा तशा. मी पंप पुन्हा तोंडात धरला, धाप लागली नव्हती तरी. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग "चलो, बघते मी" म्हणून स्कूटरला किक मारली आणि गल्लीच्या तोंडाशी वळून गेल्या.

रेंज आली तसा दुबेजींना फोन केला. ते बनियनवरच धावत आले, मला डॉक्टरकडे नेलं, सुई टोचली. मग कमलेशला फोन लावला. तो दुपारीच साळ्याच्या लग्नाला मझौलीला निघून गेला होता.

"चाबी? चाबी तो मेरी जेब में है, बाबूजी," तो म्हणाला आणि फोनवर किल्ल्या वाजवून दाखवल्या. "ताला खींच के देखा था मैंने, कसम से."

कुलूप कडीला लटकलं होतं. उघडं. फोडलेलं नाही, ओरबाडलेलं नाही.

"दबाया नहीं होगा ठीक से," दुबेजी म्हणाले. "कोई आंटी निकलीं, तेरा हाथ देखा, खोल दिया. इसमें क्या है?"

"सर, साडी..."

"तेरे दिमाग में हवा पहुँच रही थी क्या?"

सोमवारी टेस्ट सर्व्हर पाहिला. एजंटशी झालेलं बोलणं त्यात साठून राहतं. मी दिलेले नंबर होते, माझी विनवणी होती, लीलावतींची नोंद काढलेली होती, 'ताई, या' होतं. त्याच्या खाली कोरं. 'ठीक आहे, कळवतो' कुठेच नाही. दुबेजींनी माझ्याकडे पाहिलं, त्या पाहण्याचा अर्थ मला लहानपणापासून पाठ आहे.

माधवीला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. तिने दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा पंप आणला आणि माझ्या गाडीच्या किल्लीला दोरीने बांधून टाकला. मग भाजी चिरता चिरता म्हणाली, "त्या बाईंना पाणी तरी विचारलं का तुम्ही?"

नव्हतं विचारलं.

त्यानंतर मला झोप लागेना. म्हणजे तशी लागायची, मी घोरतो असं माधवी म्हणते, पण डोळा उघडला की ते एकच डोक्यात — ऊन असं, आणि गल्ल्या किती. माझं लिखाण पूर्ण होत आलं होतं. शुक्रवारी साधन दुकानांकडे जाणार होतं, आणि त्याआधी टेस्ट डिरेक्टरी रिकामी करतात, तीही आमची रीत आहे. खोटी माणसं पुसून टाकायची, मग खरी भरायची. दुबेजींनी मला सांगून ठेवलं होतं, शुक्रवारी सकाळी साफ.

गुरुवारी सुट्टी टाकली आणि माधवीला स्कूटरवर मागे बसवून महाराजपूरला गेलो. कॉलन्यांमधून फिरलो. नव्या बांधलेल्या भिंती, रिकामे प्लॉट, रेतीचे ढीग, कुठे एखादं घर रंगवलेलं आणि शेजारचं नुसतं विटांचं.

"काय शोधून राहिले तुम्ही?" माधवीने विचारलं.

"घर."

"घ्यायचं आहे?"

"आपल्यासाठी नाही."

खांद्यावरचा तिचा हात तेवढा घट्ट झाला. कोपऱ्यावर एक किराण्याचं दुकान होतं. मी थांबून दुकानदाराला विचारलं, "भैया, यहाँ कोई उंबरझाडे रहती हैं?"

"ऐसा तो कोई नाम नहीं है, भैया." त्याने साखर तोलत असतानाच मान वर केली. "आप लोग साथ में हैं क्या? एक दीदी रोज आती हैं दोपहर में. पूछती हैं, इधर घर कौन सा है. हमने कहा, किसका घर, दीदी? बोलीं, मेरा."

माधवी माझ्या मागून उतरली. "फिर?"

"फिर क्या, दीदी. पानी पिलाया. थोड़ी देर छाँव में बैठती हैं, चली जाती हैं. घर से निकाल दिया होगा किसी ने, आजकल ऐसा ही है."

स्कूटर कोणत्या रंगाची, हे मी विचारलं नाही. धाडस झालं नाही, असं सरळ लिहितो. परतताना गोरखपूर आलं तेव्हा माधवी म्हणाली, "जा ना ऑफिसला. मी रिक्षाने जाते."

दुबेजी जेवायला गेले होते. मी मागच्या खोलीत बसलो, दार सताड उघडं ठेवून त्याला खुर्ची लावली, आणि लीलावती उंबरझाडेंची नोंद उघडली. शेऱ्यात आधी साडी काढली — दार उघडलं, साडी निघाली, डाग नाही, असं लिहिलं. मग पत्ता. खऱ्या घराचा द्यायचा नाही हा नियम, आणि बनवायचं तर मला कोण अडवणार. किराण्याच्या दुकानावरून दुसरी गल्ली, डाव्या हाताला, जिथे आज नुसता रिकामा प्लॉट आहे. घर तळमजल्याचं. पश्चिमेला सावली, कडुलिंबाची. शिवणाच्या मशीनसाठी खिडकीपाशी जागा. ओट्यावर माठ, भरलेला. हात थांबत नव्हता, आणि या वेळी मी त्याला थांबवलंही नाही. दाराशी आलो तेव्हा जरा विचार केला. मग लिहिलं — दाराला बाहेरून कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप लावायची सोयच नाही. आतून एक साधी खिटी, एका बोटाने निघणारी.

शुक्रवारी सकाळी डिरेक्टरी पुसली. मीच पुसली. दुबेजी मागे उभे होते.

कुलूप कोणी उघडलं, एजंट काय म्हणाला, किराण्यावाला कोणाबद्दल बोलत होता — यातल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही, आणि दुबेजींची उत्तरं मला पटत नाहीत. महाराजपूरला मी पुन्हा गेलो नाही. माधवी एकदा एकटीच जाऊन आली. दुकानदार तिला म्हणाला, ती दीदी हल्ली येत नाही.

पोचल्या म्हणून येत नाहीत, की पुसल्या गेल्या म्हणून, ते मला कळायला मार्ग नाही.